संध्याकाळची पुडी

लक्ष्मीपुरीतल्या त्या अरुंद दुकानात शिरलं की माणूस दिसायच्या आधी वास येतो. वेखंडाचा, ओव्याचा, जटामांसीचा आणि जुन्या गोणपाटाचा, सगळा मिळून एक. तात्यासो मगदूम त्या वासातच लहानाचे मोठे झाले आणि त्या वासातच म्हातारे झाले. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी रोज सकाळी देवदर्शन आटोपून स्वारी थेट गादीवर. पुढच्या काउंटरवर मुलगा जिनेश रंगीत डब्या आणि गोळ्या विकतो. मागच्या लाकडी खणांवर मात्र अजून तात्यासोंचंच राज्य आहे.

तात्यासोंचा स्वभाव सुंठीसारखा. जिभेला झोंबणारा, पण पोटाला बरा. कुणी "हल्ली विसरायला होतंय, काहीतरी द्या" म्हणत आलं की पुडी राहायची बाजूला, आधी त्याची झडती.

"रात्री झोपतोस कवा?"

"बारा-एक वाजतात. मोबाइल बघत पडलेलो असतो."

"मग ब्राह्मी मोबाइलला पाज की!"

एवढं झाल्यावर पुडी बांधून मिळे, आणि पुडीबरोबर चार गोष्टी फुकट. रोज चालायचं. वेळेवर झोपायचं. कानाला कमी येत असेल तर लाजायचं नाही, यंत्र लावायचं. चार माणसांत बसायचं. आणि ब्राह्मी म्हणजे काय जादू नव्हे, ती आधाराची काठी आहे, चालायचं आपल्याच पायांनी. औषध तुपातून किंवा दुधातून घ्या, असं ते सांगत. मधातून घ्या, असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. जैनाचं घर, मध स्वयंपाकघरातही नाही आणि दुकानातही नाही. ताटात कंदमुळं नाहीत, पण दुकानाच्या खणांत मात्र वेखंड, अश्वगंधा अशा वाळक्या मुळ्या काठोकाठ.

यावरून त्यांना आयुष्यभर एकच माणूस छळत आला. "बटाटा खाल्ला तर पाप, आन मुळ्या इकल्या तर पुण्य! तात्या, लेका, तुजा देव लई हुशार हाय," असं म्हणून तो मांडीवर थाप मारून हसायचा. तो जोतीराम.

जोतीराम राधानगरीच्या बाजूचा, डोंगराला टेकून बसलेल्या एका वाडीतला. भाताची खाचरं, दोन म्हसरं आणि रानात हिंडायची भारी हौस. त्याच्या ओलसर बांधांवर ब्राह्मी जी माजायची, तशी कुठं माजत नाही, असं तात्यासोंचे वडील म्हणत. पहिल्यांदा पोतं घेऊन आला तेव्हा मात्र त्यात निम्मं गवतच निघालं. तात्यासोंनाही तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेलं.

"ही ब्राह्मी व्हय? म्हशीला घाल जा."

"म्हस तुज्यापरास शानी हाय. निवडून खाती ती."

दोघे हातघाईवर आले. आतून वडील आले, त्यांनी दोघांनाही पोत्यापुढं बसवलं आणि सांगितलं, सगळं निवडून झाल्याशिवाय चहा नाही. दुपारभर दोघे एकमेकांकडं न बघता बोटाच्या पेराएवढी गोल पानं एका बाजूला आणि गवत दुसऱ्या बाजूला करत बसले. पोतं संपत आलं तेव्हा कोण आधी हसलं यावर पुढं पन्नास वर्षं वाद चालला.

त्यानंतर दर मार्गशीर्षात तात्यासो ब्राह्मी आणायला वाडीला जाऊ लागले. पहिल्याच खेपेला फजिती झाली. जोतीरामची बायको अंबूबाई तेव्हा नवी नवरी. जैन पावणा म्हणून बिचारीनं कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सगळं सांभाळलं. पण दहा माणसांचा चुलीवरचा स्वयंपाक, ताटं मांडेपर्यंत कंदील लागला. तात्यासोंनी ताटाला हात जोडले आणि ते मागं सरकले. जोतीरामची आई धोंडुबाई भडकली. "आमच्या हातचं चालंना व्हय तुमास्नी?" तात्यासोंनी काकुळतीला येऊन सांगितलं, तसं नाही, दिवस मावळल्यावर आम्ही पाण्याचा घोटही घेत नाही. म्हातारीला ते पटेना. जोतीरामनं मात्र आपलंही ताट सरकवलं. "पावणा उपाशी झोपणार आन मी कसा खाऊ?" सकाळी दोघांनी मिळून चुलीपुढच्या भाकरी अशा संपवल्या की अंबूबाईला दुसऱ्यांदा पीठ मळावं लागलं.

त्या घरात ती चूक पुन्हा कधी झाली नाही.

वर्षं कशी गेली कळलं नाही. तात्यासोंचे गुडघे गेले तशी वाडीची फेरी थांबली. मग जोतीरामच यायचा, रंकाळा स्टँडवर उतरून, खांद्यावर पोतं टाकून, रस्त्यातूनच हाक मारत. हळूहळू तोही यायचा थांबला. तात्यासोंची बायको अरुणा गेली, थोरली बहीण गेली. बाजारात आता सगळे त्यांना तात्यासो म्हणत, वाकून नमस्कार करत. 'लेका' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

आणि मग अंबूबाईचा फोन आला.

"तात्यासो, तुमच्या दोस्ताचं काय खरं न्हाय बगा. माणसं ओळखंना झाल्यात. सुनंला इचारत्यात, तू कुनाची गं? गोठ्यात जात्यात आन कशाला आलतो म्हून हुबं ऱ्हात्यात."

"डॉक्टर काय म्हंतात?"

"आमच्या पोरानं, अमरसिंहानं दावलं की कोल्हापुरात. डोस्क्याचा फोटू काढला. गोळ्या दिल्यात. म्हनालं, गेलंया ते माघारी येत न्हाय, हाय ते सांभाळा." अंबूबाईचा आवाज जरा बसला. "दिवसभर तसं गप असत्यात वो. पर तिनीसांजा जवळ आल्या की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाय. उन्हं असत्यात अजून, आन भाईर जात्यात, आत येत्यात, ताट वाड, ताट वाड म्हून वरडत्यात. वाडलं तर खाईत न्हाईत. इचारलं कुनाला वाडू, तर सांगाय येत न्हाय. मग रागाला येत्यात. काल तर तांब्या फेकला."

तात्यासोंनी लगेच निदान केलं. औषधांच्या गादीवर आयुष्य गेलेल्या माणसाला निदान केल्याशिवाय राहवत नाही. "वात हाय वैनी. सांजच्याला खवळतोय. त्येला जटामांसी. सकाळला ब्राह्मीचं तूप. मी सोता घेऊन येतो. काय काळजी करू नगासा, त्येला असा हुबा करतो की माझ्या नावानं शिव्या घालत दुकानात आला पायजे."

जिनेशनं हे सगळं काउंटरवरून ऐकलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, तुम्हीच तर गिऱ्हाइकांना सांगता, ब्राह्मी म्हणजे जादू नव्हे."

"गिऱ्हाइकाचं येगळं."

"औषध तेच ना?"

"औषध तेच. माणूस येगळा," तात्यासो खेकसले, आणि जिनेश शहाणा मुलगा, त्यानं पुढं विचारलं नाही.

ब्राह्मी चांगली मिळायला वेळ लागला. हल्ली पुडक्यातून येते ती वाळून भुसा झालेली. शेवटी शाहूवाडीकडच्या एका बाईकडून ओली ब्राह्मी आली. तात्यासोंनी ती मांडीवर ताट घेऊन स्वतः निवडली. गवत जवळजवळ नव्हतंच, याचं त्यांना उगाच वाईट वाटलं. मग पानं वाटली, रस गाळला, गाईचं तूप, शंखपुष्पी, चिमूटभर वेखंड, आणि सगळं जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. सुनेनं मिक्सर पुढं केला तर तिच्याकडं असं बघितलं की तिनं तो मुकाट्यानं उचलून ठेवला.

तूप कढायला लागलं की त्याच्यापुढनं उठता येत नाही. सबंध सकाळ ते चुलीपुढं बसून होते. तुपातलं पाणी आटलं की नाही हे बघायची जुनी रीत आहे. कापसाची वात त्यात बुडवायची आणि पेटवायची. तडतडली तर अजून पाणी आहे. गुपचूप जळली तर तूप झालं. तात्यासो पुन्हा पुन्हा वात पेटवत होते. एकदा जोतीरामनं ही परीक्षा बघितली होती आणि म्हणाला होता, "माणसाची बी अशी वात लावून बगाय पायजे. तडतडलं की समजायचं, अजून कच्चं हाय. तात्या, तू तर मरस्तोर तडतडनार." तात्यासोंना हसू आलं, आणि मग ते एकदम विझलं. हे वाक्य आता फक्त आपल्याजवळ राहिलं. त्यानं टाकून दिलं असेल तर आपलं तरुणपण कुणाला विचारायचं? आपण कधी हातघाईवर आलो होतो, उपाशी झोपलो होतो, हे खरं का खोटं, हे सांगणारं दुसरं कोण आहे?

वात गुपचूप जळली. तूप बरणीत भरलं. जटामांसीची पूड वेगळ्या कागदात बांधली आणि वर जाड अक्षरात लिहिलं, संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनेशनं गाडी काढली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत, गुऱ्हाळांचा गोड धूर खात ते निघाले. वाटेवर तात्यासोंची बडबड थांबत नव्हती. इथं जोतीरामची चप्पल तुटली होती. इथं आम्ही एका ओढ्यात पडलो, आधी तो पडला, मी त्याला काढायला गेलो म्हणून पडलो, तो उलटं सांगतो. जिनेश हूं हूं करत होता. वाडी जवळ आली तसे तात्यासो बरणी मांडीवर घट्ट धरून बसले.

जोतीराम घराच्या पुढच्या सोप्यावर बसला होता. अंगानं अजून खणखणीत, मिशा पांढऱ्या शुभ्र, डोक्याला टॉवेल. तात्यासो पायरी चढून वर आले. गुडघे ठणकत होते, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. जोतीरामनं मान वर करून बघितलं, आदबीनं जरा बाजूला सरकला आणि म्हणाला,

"या पावणं. बसा. कुठनं आलासा?"

तात्यासो उभेच राहिले. फोनवर ऐकलेलं वेगळं आणि कानावर पडलेलं वेगळं. आपल्याला तो ओळखेल, इतरांना नाही ओळखलं तरी आपल्याला ओळखेल, अशी त्यांनी मनात गाठ बांधली होती. ती गाठ तिथंच सुटली.

"कोल्हापुरातनं," ते कसेबसे म्हणाले.

"व्हय काय. लांबनं आलासा," जोतीराम म्हणाला. "अगं, पावण्यास्नी पानी आन."

अंबूबाई पाणी घेऊन आली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. तात्यासोंनी खाली बसून बरणी उघडली. चमचाभर तूप जोतीरामच्या तळहातावर घातलं. त्यानं ते चाटलं आणि खूष होऊन म्हणाला, "झ्याक हाय. घरच्या गाईचं हाय जनू?"

"जोत्या, मी कोण? बग की नीट."

जोतीरामनं तळहाताला राहिलेलं तूप चाटलं.

"लक्ष्मीपुरीतलं दुकान. पोत्यात गवत आणलंतंस तू. म्हस शानी हाय म्हणालास मला. आठिव की! वड्यात कोण आधी पडलं? सांग!"

"पडलासा व्हय?" जोतीराम काळजीनं म्हणाला. "लागलं न्हाय न्हवं?"

"मी तात्या हाय रं! तात्या!" तात्यासो ओरडलेच. आवाज इतका चढला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. जोतीराम भ्यायला. त्यानं अंग चोरलं आणि आत बायकोकडं बघायला लागला, चुकलेल्या पोरानं बघावं तसा.

अंबूबाई उंबऱ्यात उभी होती. "परीक्षा नगासा घिऊ तात्यासो," ती हळूच म्हणाली. "येईल त्ये ह्येंची परीक्षा घेतंया. मी कोण, ह्यो कोण. नापास करून जात्यात समदी, आन मग रातभर जागं असत्यात ह्ये."

तात्यासोंची मान खाली गेली. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. गिऱ्हाइकाला चार गोष्टी शिकवणारा माणूस आपण, आणि आजारी दोस्ताला भिववून बसलो. ते उठले, अंगणात आले, आणि जांभळाखालच्या दगडावर टेकले. जिनेश गाडीजवळून येऊ लागला तसा त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. आता औषध अंबूबाईला समजावून द्यायचं आणि निघायचं, दुसरं काय राहिलंय, असं ते स्वतःला सांगत होते, पण उठत नव्हते.

उन्हं अजून पिवळी होती. खळ्यावर भाताच्या पिंजराच्या गंजीची सावली लांब झाली होती. सूर्य डोंगराच्या माथ्यापासून हातभर वर होता.

तेवढ्यात सोप्यावर हालचाल झाली. जोतीराम उठला होता. तो पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध आला, कपाळावर आडवा हात धरून डोंगराकडं बघितलं, तसाच आत गेला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा बघितलं. आणि मग पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडला,

"अगं ए! ताट वाड! दिवस बुडाय लागला!"

"झालं सुरू," अंबूबाई आतून म्हणाली. "बगा तात्यासो, ह्ये असं रोज. तुमची ती पुडी द्या बगू."

पण तात्यासोंना काही ऐकू आलं नाही. ते जोतीरामच्या कपाळावरच्या त्या आडव्या हाताकडं बघत होते. हा हात त्यांनी दर मार्गशीर्षात बघितला होता. या वाडीत सूर्य लवकर जातो, मध्ये डोंगर आहे. डोंगराआड गेलेला सूर्य बुडाला म्हणायचा का नाही, यावर दोघांची पहिल्या वर्षी कडाक्याची भांडणं झाली होती, आणि शेवटी जोतीरामनं कंटाळून सांगितलं होतं, ऱ्हाऊ दे, तुझ्यासाठी सूर्य डोंगराच्या वर असतानाच ताट वाढू. मग जन्मभर तो असाच अंगणात येऊन सूर्याचं माप घ्यायचा आणि असाच ओरडायचा. गुडघे दुखतात म्हणून आपण यायचं थांबलो. पण त्याचं ओरडणं थांबलं नव्हतं. ज्याला आपण वात म्हणालो, ज्याला पुडी बांधून आणली, ते हे होतं.

"वैनी," तात्यासो दगडावरून उठले. "वैनी, वाडा ताट. मला वाडा."

अंबूबाई दारात आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं, मग तात्यासोंकडं बघितलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं बया! तुमचं व्हय ह्ये ताट? आन मी मेली रोज इचारती, कुनाला वाडू, कुनाला वाडू..."

घरात कांद्याची आमटी होती. ती बाजूला ठेवून अंबूबाईनं धावतपळत ज्वारीची भाकरी, दूध, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. "लसूण न्हाय न्हवं त्यात?" जोतीरामनं दटावून विचारलं. "न्हाय वो," ती रडत हसत म्हणाली. तात्यासो सोप्यावर ताटापुढं बसले. जोतीराम समोर बसला, एकदा ताटाकडं आणि एकदा डोंगराकडं बघत. रोजची ती धुसफूस, तो तांब्या फेकणारा राग, त्याचा मागमूसही नव्हता.

"खावा पावणं. सावकाश खावा. हाय अजून दिवस."

तात्यासो खात होते.

"आमचा एक दोस्त हाय कोल्हापुरात," जोतीराम आपणहून सांगू लागला. "त्यो लेका अंधार पडला की पान्याचा घोट घेत न्हाय. लई हट्टी. एकदा उपाशी निजला आमच्या घरात. म्या बी निजलो मग."

तात्यासोंचा घास हातातच राहिला. "काय नाव त्येचं?" त्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली, पुन्हा परीक्षा घेतली म्हणून.

जोतीरामनं कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. मग मान हलवली. पण या वेळी तो घाबरला नाही. "नाव न्हाय घावत बगा. पर येणार हाय त्यो. तवर ताट तयार असलं पायजे."

"येणार की," तात्यासो म्हणाले. "येणारच त्यो."

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तात्यासोंचं पाणी पिऊन झालं होतं. जोतीरामनं रिकाम्या ताटाकडं बघितलं, समाधानानं मिशीवरनं हात फिरवला आणि भिंतीला पाठ टेकून शांत बसला. थोड्या वेळानं त्यानं आपली भाकरी मागितली आणि आमटीबरोबर पोटभर खाल्ली. असा दिवेलागणीला तो कित्येक दिवसांत जेवला नव्हता, असं अंबूबाई म्हणाली.

निघताना तात्यासोंनी बरणी तिच्या हातात दिली. "सकाळी चमचाभर, गरम दुधातनं. ह्यानं फार काय हुईल असं न्हाय वैनी, खरं सांगतो. तुपानं अंग धरंल, एवढंच. डॉक्टरच्या गोळ्या चुकवू नगासा. फिरवून आणत जावा. आन कुणाला परीक्षा घिऊ दिऊ नगासा, मला बी."

"आन ती सांजची पुडी?"

तात्यासोंनी खिशात हात घातला. जाड अक्षरांतली पुडी बोटांना लागली. ती त्यांनी आतच मुठीत दाबून धरली.

"ती नगं," ते म्हणाले. "सांजच्याला ताटच वाडत जावा. मी आलो तर मी जेवीन. न्हाय आलो त्या दिशी माझ्या नावानं तुमी बसा."

सोप्यावरनं जोतीरामनं हात जोडले. "या मग पावणं. परत या."

"येतो की, लेका," तात्यासो म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी वाडीबाहेर पडली. मग काच खाली करून त्यांनी पुडी सोडली, जटामांसी ओढ्याच्या कडेला सांडून टाकली, आणि रिकामा कागद घडी करून खिशात ठेवला.

"जिनेश," ते म्हणाले, "दर आयतवारी दुपारी गाडी मोकळी ठेवायची. दिवस बुडायच्या आत इथं पोचाय पायजे."